धोप्याचं पांघरूण

दर्यापूरकडची माणसं मुलगी देताना घराआधी विहीर पाहतात. आमच्या खारपाणपट्ट्यात पाणी इतकं खारट की त्यात डाळ धड शिजायची नाही. म्हणून आईनं मला अमरावतीत गोड्या पाण्याच्या घरात दिलं. माणसं कशी आहेत याची फारशी चौकशी केली नाही, आणि मग त्याचाच घोर तिला लागून राहिला.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मी न्हाणीमागच्या ओलीत धोपा लावला. अळूला आमच्याकडे धोपा म्हणतात. शेजारी कर्दळ, कडेनं ब्राह्मी. न्हाणीचं पाणी तिथं झिरपायचं, चिखल कधी सुकायचा नाही. खाऱ्या मुलखातल्या मुलीला त्या चिखलाचं केवढं कौतुक! पानं सुपाएवढी झाली. संक्रांतीला आई पहिल्यांदा येणार होती. तिला घरच्या धोप्याची वडी खाऊ घातली की मी सुखात आहे हे वेगळं सांगावं लागणार नाही, असा माझा बेत होता.

दिवाळी सरली आणि सासूबाई विळा घेऊन आल्या. कडाक्याची थंडी पडायच्या आत पानं कापायची, न्हाणीचं पाणी दुसरीकडे वळवायचं, वर कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, पसरून कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या टाकायच्या, तरच जमिनीतले धोप्याचे कांदे जगतात, नाहीतर गार चिखलात सडतात, असं त्यांचं म्हणणं. मी हटून बसले. शेवटी कोपऱ्यातलं एक झाड त्यांनी माझ्या रुसव्यापायी सोडलं. बाकी सगळं पांघरुणाखाली गेलं.

माझे सासरे, आमचे मामाजी, बारा महिने थंड पाण्यानं आंघोळ करायचे आणि चारचौघांत त्याची फुशारकी मारायचे. ते एकाएकी गरम पाणी मागू लागले, तेही कढत. मामाजी आता म्हातारे झाले, असं सगळे म्हणाले. त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं. एका सकाळी मी न्हाणीमागं गेले तर सासूबाईंनी वळवलेलं पाणी पुन्हा त्या कोपऱ्याकडे सोडलेलं. वाफा निघत होत्या आणि झाड मान टाकून पडलं होतं. उकडूनच निघालं होतं म्हणा ना. मामाजी ओशाळून उभे होते.

"त्याले थंडी वाजू नये म्हनलं, सूनबाई. तुई माय येऊन राह्यली ना."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. त्या माणसावर माझा तेव्हा जो जीव जडला तो कायमचा.

संक्रांतीला आई आली. वडी नव्हतीच. मी तिला न्हाणीमागं नेऊन सगळा प्रकार सांगितला. तिनं वाकून पऱ्हाट्या बाजूला सारल्या, कुटाराखाली हात घालून ओल चाचपली, आणि पऱ्हाट्या नीट परत ठेवल्या. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "पानी पाहून देल्लं होतं तुले. मानसं आज पाह्यली."