जावयाचं बोट आणि तापलेला पत्रा

जगातल्या यच्चयावत गोष्टी थंड राहतात म्हणूनच बिघडतात, असं ठामपणे मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. नांदेडला मामांचं पत्र्याच्या पाट्या रंगवायचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं नाव लिहून दिलं, की मामा आधी कोरा पत्रा गॅसच्या बर्नरवर तापवतात. पत्र्याचं तेल, ओल आणि गिऱ्हाइकाची घाई जळून गेल्याशिवाय ब्रशला हात नाही. "थंड पत्र्याला रंग धरत न्हाई, जावईबापू. पाव्हण्यावानी बसतो अन् निघून जातो." मे महिन्यात डांबर चपलेला चिकटत असतानाही बर्नर चालूच. उन्हातच ठेवा की, असं मी एकदा सुचवलं, तर म्हणाले, "उन्हाचा ताव येगळा."

हे पत्र्यापुरतंच राहिलं असतं तर बरं होतं. थंड ताटात वरणाला चव धरत नाही, म्हणून घरी जेवणाआधी स्टीलची ताटंही तापतात. त्यांच्याकडे जावई म्हणून पहिल्यांदा जेवायला बसलो, ताट जरा पुढे ओढायला गेलो आणि सासरच्या सगळ्या माणसांदेखत किंचाळलो. मुखेडच्या एका गृहस्थानं मोटारसायकलची नंबरप्लेट रंगवायला आणली, तर मामांनी ती न काढताच खाली बर्नर धरला. पेट्रोलची टाकी आठवून मालक थेट चौकापर्यंत पळाला. मामा मागून ओरडत होते, "अहो थांबा, तापतच आली हाय!"

पत्रा पुरेसा तापला का, हे ठरवायची रीत तर त्याहून अफाट. समोर जो असेल त्याला ते म्हणायचे, "जरा बोट लावून बघा." पोस्टमन, चहावाला, वीजबिलवाला, सगळ्यांनी एकेकदा भाजून घेतलेलं. कोरोनातली ताप मोजायची पिस्तूल मी त्यांना नेऊन दिली. ती त्यांनी स्वतःच्या कपाळाला लावली, ताप नाही अशी खात्री केली आणि फडताळात ठेवून दिली. मी दिसलो की त्यांना आनंदच व्हायचा, कारण जावयाच्या शब्दावर त्यांचा डोळे मिटून विश्वास.

बायकोनं लातूरला शिवणक्लास काढला, तेव्हा पाटी मामांचीच हवी हा तिचा हट्ट. मी नांदेडला गेलो. मामांनी पत्रा तापवला आणि म्हणाले, "बघा." आधीच्या खेपेचा फोड अजून दुखत होता. मी बोट वीतभर वरच धरलं आणि म्हणालो, "मस्त तापलाय, मामा."

दोन महिन्यांत पाटीचे पापुद्रे दारात पडू लागले. हे कळताच मामा पहिल्या एस.टी.नं लातूरला आले. पाटीवर नख फिरवून पाहिलं आणि भाचीला म्हणाले, "माझी बोटं गेली, बाई. शुगरनं चार वर्सं झाली, गरम-थंड काही कळत न्हाई. म्हणून लोकाला लावाय सांगत होतो. आता अंदाजबी गेला. दुकान बंद करतो."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिथंच रस्त्यावर, बायकोसमोर, मी सगळं कबूल केलं. आता आपला उद्धार होणार, म्हणून मी मान खाली घातली.

"म्हंजी, माझा हात चुकला न्हाई?"

"नाही, मामा. मी खोटं बोललो."

"मग पाटी उतरवा की खाली! काय बघून राहिले?"

क्लासच्या मागे, आमच्याच शेगडीवर, खरवडलेला पत्रा पुन्हा चढला. मी बोट लावलं. म्हटलं, "अजून थोडा." पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा मी असा ओरडलो की शिवणाऱ्या बायका मशीन सोडून बाहेर आल्या. तेव्हा कुठे मामांनी समाधानानं ब्रश उचलला.

ती पाटी अजून जशीच्या तशी आहे. दुकानही चालू आहे. महिन्यातून दोन रविवार मी नांदेडला जातो आणि साठवून ठेवलेल्या पत्र्यांना बोट लावतो. चटका बसला की मामा माझं बोट हातात घेऊन फुंकर घालतात. ते किती पोळलंय हे त्यांच्या हाताला कळत नाही, म्हणून विचारतात, "लई भाजलं का हो?"

मी नाही म्हणतो. मामांशी तेवढं एक खोटं मी अजून बोलतो.