टिपणबाईची कोरी ओळ

विद्यापीठाच्या सभागृहात भिंतीलगतच्या छोट्या टेबलाशी ती सव्वीस वर्षं बसत आली होती. सभेत कोण काय बोललं ते लघुलिपीत टिपायचं आणि मग इतिवृत्त टंकायचं, हे तिचं काम. सगळे तिला टिपणबाईच म्हणत. नियम साधा होता: प्रश्न शब्दशः, उत्तराचा सारांश.

खरी गोम होती ती सारांशात. कुलसचिव अर्धा तास पाल्हाळ लावत आणि हाती उरे, 'बाब विचाराधीन आहे.' एक प्राध्यापक उत्तर म्हणून उलट तीन प्रश्न विचारत. शहरातून निवडून आलेले एक सदस्य विचारलेलं सोडून भलत्याचंच उत्तर देत, तेही बाकं वाजवून घेण्यासारखं. अशा वेळी टिपणबाई प्रश्नाखाली सरळ एक कोरी ओळ सोडी. लोकांना ती टंकनातली चूक वाटे. तिला मात्र त्या ओळीचा भारी अभिमान होता.

दुपारी पंखा संथ फिरे, पडद्यातून पिवळा उजेड वहीवर उतरे, आणि बोलणी झोपेत ऐकल्यासारखी कानांवरून वाहत जात. हात लिहीत असे, मन कुठल्या कुठे. त्या आठवड्यात ते एकाच जागी जात होतं. लेकीला समुद्रापलीकडच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली होती. शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. घरात माणसं दोनच.

"आई, मी जाऊ ना? तुला एकटीला जमेल?"

"बघू की. एवढी घाई काय आहे?"

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आला. "तुझ्या मावशीशी बोलते एकदा." तिसऱ्या दिवशी, "आधी जेवून घे बघू."

"आई, तू अगदी कुलसचिव झालीस गं!" लेक हसत म्हणाली. टिपणबाईला ते फार लागलं.

शुक्रवारी सभेत तिने वही उघडली. नव्या पानावर लेकीचं अक्षर होतं. 'प्रश्न: आई, मी जाऊ का? तुला एकटीला जमेल?' खाली एक ओळ कोरी, मोजून सोडलेली.

कुलसचिव बोलायला उठले. टिपणबाईला याच टेबलाखाली बसून तिच्या पदराशी खेळणारी पाच वर्षांची पोर दिसत होती. चित्रं काढून काढून पेन्सिलीची टोकं मोडायची, आणि सभा संपली की तिथेच झोपलेली सापडायची. किती वेळ गेला कोण जाणे. त्या शुक्रवारी म्हणे कुलसचिवांनी जन्मात पहिल्यांदा सरळ 'हो' म्हटलं. इतिवृत्तात तिथे काहीच नाही.

संध्याकाळी तिने वही लेकीपुढे ठेवली. कोऱ्या ओळीवर लिहिलं होतं, 'नाही जमणार. तरी जा.'

लेकीने त्या ओळीवर बोट ठेवलं. "आई, हा सारांश आहे का?"

"नाही," टिपणबाई म्हणाली, "शब्दशः."