अंजिरी साडी

मी एका आईला तिच्याच मुलीच्या लग्नात मान खाली घालायला लावली, आणि तेही कौतुक करता करता.

परवा कपाट आवरताना डांबरगोळ्यांचा वास आला आणि जयनगरमधल्या आमच्या चर्चची मागची खोली आठवली. नव्वदच्या दशकात आम्ही तरुण मंडळी तिथे दानात आलेले कपडे इस्त्री करून गरजूंना द्यायचो. कुठला कपडा कुणाच्या घरचा, हे बोलायचं नाही, एवढाच पाळकसाहेबांचा नियम होता.

चर्च झाडणाऱ्या, बेळगावकडच्या मेरीअक्कांच्या मुलीचं लग्न तिथेच झालं. मी पंगतीत वाढत होतो. अक्का अंजिरी रेशमी साडी नेसून व्याह्यांशी बोलत होत्या. मी आनंदाने ओरडलो, "अक्का, ही तर आमच्या आईची साडी! काय शोभतेय तुम्हाला!"

व्याह्यांकडची एक बाई हसली. "अस्सं! मला वाटलं, लग्नासाठी नवी घेतली."

अक्कांनी पदर अंगाभोवती घट्ट ओढला. फोटोसाठी मुलीने हाक मारली, "अम्मा, ये ना!"

"तुम्ही घ्या गं, मी स्वल्प सांबार बघते," म्हणत त्या आत गेल्या. लग्नाच्या एकाही फोटोत त्या नाहीत. मला तेव्हा वाटलं, किती कामसू बाई!

खरं काय ते कळायला माझ्या मुलीचं लग्न व्हावं लागलं; तिच्या प्रत्येक फोटोत तिची आई होती. गेल्या महिन्यात मी अक्कांकडे गेलो. त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून त्यांच्या लेक-जावयासमोर मोठ्यानेच बोललो, "अक्का, ती साडी तुमचीच होती. मी बोलायला नको होतं. मला माफ करा."