टिश्यूच्या पाकिटाला बढती

तांजोंग पगारच्या एका ऑफिसात मधुवंती हिशेब तपासते. काम वेळेवर संपतं हो, पण बॉस उठल्याशिवाय उठायचं कुणी? तो मेला बसतो मुक्काम ठोकून, मग बाकीचेही माना खाली घालून बसतात. तिकडे मरीन परेडच्या घरी लेक, आर्या, आईची वाट बघून बघून जेवून घेते. मधुवंतीचा जीव नुसता तुटायचा.

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ती कोरियन भयकथा वाचायची. एका कथेतली कारकून खुर्चीवर कोट टांगून घरी पळते, तर कोटच काम करू लागतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. मधुवंतीला हसू फुटलं. अहो, एवढ्याला कोट कशाला? इथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, टेबलावर टिश्यूचं पाकीट टाकलं की जागा आपली. यालाच चोप करणं म्हणतात. त्या पाकिटाला हात लावायची कुणाची छाती होत नाही!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने आपल्या खुर्चीवर पाकीट ठेवलं आणि खांबाआडून पाहिलं. बॉस आला. पाकिटाशी भरपूर बोलला.

"उलट प्रश्न विचारत नाहीस, हे फार छान," तो म्हणाला, आणि चक्क बढती देऊन गेला!

इतकी वर्षं राबले मी, आणि बढती या पाकिटाला? मधुवंती चरफडली. पण जाऊ दे म्हणत ती घरी सुटली. आज लेकीबरोबर जेवायचंच होतं.

दार उघडून बघते तर काय, जेवणाच्या टेबलाशी तिच्या खुर्चीवर टिश्यूचं पाकीट! नवरा, अंकुर, पाकिटापुढच्या ताटात आमटी वाढत होता आणि आर्या पाकिटाला शाळेतल्या गमती सांगत होती.

"अगं, ती माझी जागा आहे!"

"ऑलरेडी चोप्ड, लाह," आर्या मान वर न करता इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. "तिथे आई बसलीये. ही रोज वेळेवर येते."

मधुवंतीचे डोळे भरले, नाक वाहू लागलं. तिने सरळ ते पाकीट फोडलं आणि फर्रकन नाक शिंकरलं.

"ईई, आई!" आर्या किंचाळली.

"हो, आईच," खुर्ची ओढून बसत मधुवंती म्हणाली. "शाळेतलं सगळं पहिल्यापासून सांग बघू."

तिने पाकिटाच्या ताटातली आमटी ओरपली. ऑफिसातल्या पाकिटाला म्हणावं, बस तिथेच.