सहा पराण्या आणि कुसुमचं लग्न

पाय धडधाकट असलेल्या तीन बायकांना एका सकाळी मी पद्धतशीरपणे लंगडं केलं. त्यांतली एक मी स्वतः होते.

तुम्ही पाठवलेला फोटो पोचला. बर्फाचा डोंगर, डोळ्यांवर काळे चष्मे आणि दोघांच्याही दोन्ही हातांत एकेक काठी. मागे लिहिलंय, "आजी, स्वस्तात मिळाल्या." स्वस्तात घेतल्याचं वाचून बरं वाटलं (रक्ताचा गुण), पण एका माणसाच्या हातांत दोन काठ्या पाहिल्या आणि मला खुर्चीत बसल्या बसल्या घाम फुटला. दोन काठ्यांनी डोंगर चढायचा प्रयोग आपल्या घरात तुमच्या आधी होऊन गेला आहे. तो मी केला. कुसुमआजीला विचारलंत तर ती सांगेल, पण ती तिखटमीठ लावते. म्हणून मीच सगळं क्रमाने लिहून ठेवते.

निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी पुण्याहून लग्न होऊन बोरीला आले तेव्हा इंटर पास होते, म्हणजे कॉलेजची दोन वर्षं झालेली. सासरी शेती मोठी, माणसं मोकळी. गावात कुणाची तार आली की ती वाचायला माझ्याकडे आणत. तेवढ्यावरून माझी समजूत झाली होती की माझ्यावाचून गावाचं अडतं.

कुसुम माझी धाकटी नणंद. तिची दोन स्थळं आधीच हुकली होती. तिसरं आलं पूर्ण्याहून. मुलगा रेल्वेत, पगार पक्का, राहायला क्वार्टर. कुसुमने त्याला एकदा पूर्णा स्टेशनवर लांबून पाहिलं होतं आणि घरी येऊन म्हणाली होती, "बरा आहे." आता कुसुम सासूबाईंच्या हातच्या लोणच्यालासुद्धा 'बरं आहे' म्हणत नसे, तेव्हा घरात सगळ्यांना काय ते समजलं. सासूबाईंनी त्या दिवसापासून गोड खाणं सोडलं. हे स्थळ जमलं तरच पुन्हा तोंड गोड करायचं.

अडचण एकच होती, मुलाची मावशी. तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं, त्यामुळे शेवटचा शब्द तिचा. आणि ही गंगामावशी एकदा फसलेली होती. तिच्या थोरल्या भाच्याला मुलगी पाटावर बसवून दाखवली, पसंत झाली, आणि वरातीत उठून चालायला लागली तेव्हा कळलं की एका पायाने अधू आहे. (ती सून पुढे सोन्यासारखी निघाली, पण मावशीच्या मनातून 'मला बसवून फसवलं' हे काही जाईना.)

मध्यस्थ होते बापूराव. ते निरोप घेऊन आले.

"मावशींचा नवस हाय जिंतूरच्या बाजूला, डोंगरावरच्या देवीला. त्या म्हनल्या, तिथंच पोरगी आना. त्या वर देवळापाशी बसनार. पोरगी डोंगर चढून वर आली की बघनं झालं. घरात 'चालून दाखव' म्हनायची पंचाईत न्हाई."

"म्हंजी चढतानाच बघनार?" मामंजींनी विचारलं. मामंजी म्हणजे माझे सासरे.

"पायथ्यापासून. मावशीची नजर लय तेज हाय."

तो डोंगर मी पाहिला होता. पायऱ्या नाहीत, सुटा मुरूम, पाय टाकला की खडे सरकतात. सासूबाईंचे गुडघे दुखायचे. कुसुम तर अशा वाटेवर पुढे वाकून, हात मांड्यांवर टेकून चढायची. असं वाकलेलं ध्यान मावशीने वरून पाहिलं तर?

त्याच महिन्यात एका इंग्रजी मासिकात मी युरोपातल्या डोंगरांवरचा एक लेख वाचला होता. तिथले लोक दोन्ही हातांत काठ्या घेऊन चढतात. त्याने गुडघ्यांवरचा भार कमी होतो, तोल जात नाही आणि पाठ ताठ राहते. पाठ ताठ! मी तो लेख दोनदा वाचला आणि घरात कुणालाही न विचारता निर्णय घेतला.

बाजाराच्या दिवशी मी काठ्या निवडायला गेले. बाभळीची काठी मजबूत, पण इतकी जड की चढायच्या आधीच दमावं. वेताची वाकते. सागाची उत्तम, पण किमतीत एक पातळ आलं असतं. मग कोपऱ्यात मला पराण्या दिसल्या. पराणी म्हणजे बैल हाकायची काठी: हलका, सरळ बांबू आणि टोकाला लोखंडी आर. मासिकातल्या चित्रात काठीला अगदी तशीच अणी होती, आणि किंमत म्हणाल तर सागाच्या एका काठीत सहा पराण्या येऊन वर सुतळी आली.

मी सहा मागितल्या.

दुकानदार म्हणाला, "बैलं किती हायत बाई?"

"बैलांसाठी नाहीत. तीन बायका आहेत."

त्याने सहा मोजल्या आणि सुतळीने बांधून दिल्या.

दोन दिवस मी खपले. प्रत्येकीला सरळ उभी करून कोपर काटकोनात येईल इतकी उंची मोजली, त्या मापाने बांबू कापले, वरच्या टोकाला मनगटात अडकवायला नाड्याचा फास बांधला. काठी हातातून सुटून घरंगळू नये, हा त्यामागचा विचार. फासाची गाठ मी इतकी पक्की मारली की पुढे तिने माझा जीव घेतला.

मामंजींनी ओसरीवर तो संच पाहिला. "ह्ये काय करायलीस?"

मी लेख समजावून सांगितला.

ते शांतपणे म्हणाले, "हे बघ सूनबाई. मानसाला काठी एक असती. दोन बांबू लागायची येळ आली की मानूस चालत नसतो. त्याला नेत्यात."

"शुभ कामाच्या आधी काय हे बोलणं," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्यावरच्या विश्वासाने नव्हे, तर मामंजींवरच्या रागाने त्यांनी आपल्या दोन काठ्या उचलल्या.

तुमच्या आजोबांच्या शाळेत परीक्षा चालू होत्या म्हणून ते आले नाहीत. आयुष्यातलं सर्वांत मोठं नुकसान कोणतं, असं त्यांना विचारलं की ते शेवटपर्यंत हेच सांगायचे.

पहाटे बैलगाडी निघाली. मामंजी हाकत होते, आम्ही तिघी मागे. पराण्यांची मोळी मी नीट सुतळीने बांधून गाडीत लांबीने ठेवली होती, अणीची बाजू पुढे. (बायकांच्या अंगाला टोचू नये म्हणून.) डोंगर जवळ आला तसा उतार लागला. मोळी हळूच पुढे सरकली. मामंजींच्या बाजूने बाहेर निघाली आणि सहाच्या सहा अण्या एकदम उजव्या बैलाला लागल्या.

त्या बैलाला आयुष्यात एका वेळी एकच पराणी माहीत होती.

पुढचं मैलभर मला फक्त आवाज आठवतात. मामंजी "होऽ, होऽ" करत होते, सासूबाई देवीला हाक मारत होत्या आणि कुसुम दात आवळून म्हणत होती, "वहिनी, मोळी मागं ओढा. वहिनी, मोळी." मी मोळी ओढली. गाडी एका बाभळीला घासून पायथ्याशी थांबली तेव्हा कुसुमचा अंबाडा सुटला होता, सासूबाईंचं कुंकू नाकापर्यंत आलं होतं आणि मामंजी माझ्याकडे बघत नव्हते.

वर पाहिलं. देवळाच्या ओट्यावर माणसं बसलेली दिसत होती. मधोमध पांढरं लुगडं. मावशी आलेली होती. बघणं सुरू झालं होतं.

"वहिनी," कुसुम पुटपुटली, "मला काठ्या नको वाटायल्यात."

"पाठ ताठ राहील. माझ्यावर विश्वास ठेव."

तिने एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि दोन्ही हात पुढे केले. मी फास अडकवले.

निघालो. पुढे कुसुम, मग सासूबाई, मग मी. टक-टक, टक-टक. आणि सांगायला हरकत नाही, काठ्या उत्तम चालत होत्या. गुडघे दुखत नव्हते, पाय सरकत नव्हता. कुसुमची पाठ दोरी लावल्यासारखी सरळ होती. मी मनातल्या मनात त्या मासिकाच्या संपादकाला पत्र लिहायला घेतलं.

अर्ध्यावर आलो तर वरून बापूराव धावत येताना दिसले. धोतर सावरत, मुरमावरून घसरत, चेहरा पांढराफटक.

"वहिनी, काय केलंत ह्ये? टाका त्या काठ्या."

"का?"

"वर सगळे म्हनायलेत, पोरगी दोन्ही पायांनी अधू हाय."

खरं सांगते, तोपर्यंत हा विचार माझ्या डोक्याला शिवलाही नव्हता. चाल बघायला बसलेल्या बाईपुढे मी मुलीला दोन काठ्या देऊन पाठवलं होतं.

"पण मग आमच्याही हातात आहेत की," मी म्हणाले. "त्यावरून तरी कळायला नको का?"

"कळलं की. मुलाचा चुलता म्हनला, मायलेकी दोघी तशाच, म्हंजी खानदानी दुखनं हाय. मावशी म्हनल्या, खानदानी असतं तर सुनेला कसं झालं? म्हंजी ह्या घरात जो येतो त्याला लागतंय."

सासूबाई मुरमावरच बसल्या. वरून ते आणखी वाईट दिसलं असणार.

"कुसुम, टाक काठ्या," मी म्हणाले.

तिने हात सोडले. काठ्या पडल्या नाहीत. मनगटाला लोंबत राहिल्या. तिने हात झटकले. पुन्हा झटकले. दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवायला लागली आणि पराण्या तिच्याभोवती गरगर फिरायला लागल्या.

बापूरावांनी डोळे मिटले. "आता म्हनतील फेफरं पन हाय."

मी गाठ सोडायला पुढे धावले. एक पराणी माझ्या कानाजवळून गेली. दुसरी कुसुमच्याच पायात आली, खडे सरकले आणि ती खाली बसली.

उठली तेव्हा तिच्या तोंडावर रंग नव्हता. "वहिनी, पाय मुरगळला."

मामंजी मागून चढत येऊन पोचले होते. त्यांनी कमरेचा अडकित्ता काढला, सहाच्या सहा फास कापले आणि पराण्या दरीत फेकल्या. आणि मग, कालपर्यंत चालण्यात मला कधी न गाठू देणारी आमची कुसुम, पूर्ण्याच्या स्थळासमोर उरलेला अर्धा डोंगर खरोखरच लंगडत चढली. मी तिच्या मागून चालत होते आणि सासूबाईंचं न खाल्लेलं गोड मोजत होते.

गंगामावशी बारीक, काटकुळी बाई. तिने कुसुमला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कधीपासून हाय ह्ये?"

"आत्तापासून," कुसुम म्हणाली.

मला राहवलं नाही. "मावशी, युरोपात धडधाकट माणसंसुद्धा डोंगर चढताना दोन काठ्या घेतात."

"तू बघितलंस?"

"वाचलंय."

"हूं." मावशी पुन्हा कुसुमकडे वळली. "पाय धड व्हते तर काठ्या कशाला घेतल्यास? मी चाल बघायला बसलेय, ह्ये ठाव न्हवतं?"

"ठाव होतं."

"मग?"

कुसुमने मान खाली घातली. "वहिनींनी दोन दिवस खपून केल्या होत्या. नको म्हटलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं."

मला त्या दरीत पराण्यांच्या मागोमाग जावंसं वाटलं.

मावशी उठली. "पुरुषांनी भिंतीकडं तोंड करा."

मामंजी, बापूराव, चुलता आणि त्याच्या मागे उभा असलेला मुलगा, सगळे वळले. (मुलगा सर्वांत शेवटी वळला, हे मी लक्षात ठेवलं.) मावशी कुसुमपुढे उकिडवी बसली, तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं आणि दोन्ही पोटऱ्या हातांनी चाचपल्या. मग घोट्याला हात लावला. कुसुम कळवळली.

"गरम हाय. सूज ताजी हाय." मावशी स्वतःशीच बोलत होती. "जुन्या लंगडीची पोटरी बारीक पडती. ह्या दोन्ही सारख्या हायत." मग तिने सासूबाईंकडे बोट केलं. "तुमी या."

सासूबाई, गावात ज्यांच्या पदराची कडसुद्धा कधी ढळली नाही, त्या पुढे झाल्या. चाचपणी झाली. मग माझी. इंग्रजी कवितेवर मी कॉलेजात निबंध वाचला होता, तेव्हाही मला इतकं बारकाईने कुणी तपासलं नव्हतं.

मावशी हात झटकून उभी राहिली. पुरुषांना इकडे तोंड करायला सांगितलं. कुसुम जमिनीकडे बघत होती.

"तिघींचे पाय धड हायत," मावशी म्हणाली. "पोरगी पसंत हाय. वडीलधाऱ्याचं मन राखायला जी आपलं लगीन पनाला लावती, ती मला बी दोन घास नीट घालंल."

बापूराव देवळाच्या खांबाला टेकले. सासूबाईंनी भरल्या डोळ्यांनी विचारलं, "मग मनात काही किंतू नाही ना, मावशी?"

"दुखनं हाय घरात, ते कळलं मला." मावशीने सावकाश माझ्याकडे पाहिलं. "पन ते डोक्यात हाय, आन् ते तुमच्याच घरी ऱ्हानार हाय. आमी फक्त पोरगी नेनार."

सासूबाईंनी मावशीच्या हातून पेढा घेतला. त्या दिवशी त्या डोंगरावर तिघींची परीक्षा झाली. एक पाचवी शिकलेली, एक सातवी आणि एक इंटर. नापास झाली ती इंटर.