मुका दिवस

थंडोबा हे त्याचं नाव नव्हे. ते इमारतीने ठेवलेलं नाव. जो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोल्या गार करत फिरला आणि ज्याच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र भर थंडीतही चहाचं आधण यावं, त्याला दुसरं काय म्हणणार? तोंडावर सगळे 'मेकॅनिकसाहेब' म्हणत. साहेब जिन्याचं वळण वळले, की थंडोबा.

एसी आणि फ्रीझर दुरुस्तीच्या धंद्याची एक गोम आहे. ज्या दिवसांत सगळं जग डोंगरावर हवा खायला पळतं, नेमके तेच याचे राबायचे दिवस. डोंगर काही लांब नव्हता. पहाटे निघालं तर पोटाला भूक लागायच्या आत वर, आणि दिवेलागणीला परत घरी. वर तळं, त्यात नावा, पलीकडे कडा, आणि सगळ्यात शेवटच्या वळणावर, म्हणे, अख्खी दरी एकदम समोर उघडते. म्हणे, कारण थंडोबाने ती पाहिली नव्हती. दर उन्हाळ्यात तो कुणाच्या तरी गच्चीवर कंप्रेसरच्या पोटात हात घालून बसलेला असायचा.

या वर्षी त्याने काम बंद केलं. गुडघ्यांनी हात टेकले होते. शेड रिकामी केली, पाने आणि गेज विकून टाकले, आणि मोकळ्या झालेल्या डोक्यात एकच गोष्ट येऊन बसली: बायकोला डोंगर दाखवायचा. एका दिवसात जाऊन यायचं, पण थाटात, स्वतंत्र गाडी करून. शेवटच्या वळणाआधी ड्रायव्हरला गाडी हळू करायला सांगायची, बायकोला म्हणायचं डोळे मीट, आणि वळण सरलं की म्हणायचं उघड. मग तिचा चेहरा बघायचा. दरीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, त्याला तो चेहरा हवा होता. इतक्या उन्हाळ्यांची भरपाई त्या एका चेहऱ्यात होणार होती, असा त्याचा हिशेब.

हा बेत त्याने बायको सोडून साऱ्या इमारतीला सांगितला. आणि इथे एखाद्या शहाण्या माणसाला संशय यायला हवा होता. कारण ही इमारत अशी, की कुणाचा पाय घसरला तरी आधी हसून घेते आणि मग हात देते. पण थंडोबाचा बेत ऐकून एकही जण हसला नाही. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई दर उन्हाळ्यात इमारतीतल्या आणि ओळखीपाळखीतल्या बायकांची बस काढून डोंगरावर नेत. त्यांना तो मुद्दाम विचारायला गेला, रस्ता कसा आहे, निघावं कधी. बाईंनी सुईत ओवायला घेतलेला दोरा ओठात धरला आणि बराच वेळ ओठातच राहू दिला.

"बरं आहे की," त्या शेवटी म्हणाल्या. "न्या वहिनींना. नेलंच पाहिजे कुणीतरी."

आणि मशीनचं चाक असं फिरवलं, की पुढे काही विचारायची सोयच राहिली नाही.

आता थंडोबाच्या फोनची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं पाणी तिथेच मुरलेलं आहे.

त्याची शेड शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती आणि तिथे फोन नव्हता. म्हणून प्रत्येक मशीनवर तो जे स्टिकर चिकटवायचा, त्यावर घरचा नंबर. तक्रारी बायकोने घ्यायच्या आणि शेडशेजारच्या हार्डवेअरवाल्याकडे फोन करून कळवायच्या. हार्डवेअरवाला महाचिक्कू, त्याच्या फोनच्या डायलला कुलूप. येणारा फोन तेवढा घ्यायचा, लावायचा नाही. त्यामुळे बायकोचा फोन आला की थंडोबा निघे, नाही आला की बसून राही.

असे उन्हाळेच्या उन्हाळे ती बाई त्या काळ्या फोनला बांधलेल्या गाईसारखी होती. बाजारात जायचं तर शेजारणीला बसवून जायचं, न्हायला जाताना दार किलकिलं ठेवायचं. बिघाड ओळखायलाही शिकली होती. "घरघर येतेय की टकटक? मागची जाळी हाताला गरम लागतेय का? मग पंखा गेला असेल, बंद करून ठेवा, येतील ते." निम्मा मेकॅनिक तर तीच होती. स्टिकरवर नाव अर्थात थंडोबाचं.

आणि दर उन्हाळ्यात एक दिवस असा उगवायचा, की एकही फोन येत नसे. ऐन काहिलीत! या दिवसाला थंडोबाने नाव ठेवलं होतं: मुका दिवस. आणि त्याचा तो केवढा अभिमान! लग्नात, बारशात, जिन्यात, जिथे चार माणसं भेटतील तिथे सांगायचा, "माझं काम असं असतं, की वर्षातून एक दिवस अख्ख्या शहरात माझ्या हाताखालचं एकही मशीन कुरकुरत नाही. आहे का दुसरा कुणी?" पुरुष माना डोलवत. बायका एकमेकींकडे न बघता इकडेतिकडे बघत. आणि त्याची बायको म्हणायची, "हो ना, यांच्या हाताला यशच आहे."

एका मुक्या दिवसाने मात्र घात केला. आइस्क्रीमवाला थंडोबाचा जिवाभावाचा दोस्त, एका ताटात जेवलेले. त्या दिवशी त्याचा फ्रीझर सकाळीच बसला. दुकानात एकटा, सोडून जाता येईना. दिवसभर फोन लावत राहिला. संध्याकाळी शटर ओढून शेडवर आला तो कोपरापर्यंत चिकट हात घेऊन.

"तुझा फोन दिवसभर एंगेज! माझा सगळा माल वितळून गटारात गेला."

"माझा फोन? एंगेज?" थंडोबा कडाडला. "माझी बायको काय फोनवर गप्पा झोडणारी वाटली तुला? आज एक फोन आलेला नाही. लावला नसशील, खोटारड्या!"

गिऱ्हाईकं उभी होती, हार्डवेअरवाला ऐकत होता. आइस्क्रीमवाला निघून गेला, तो कायमचा. रस्त्यात समोर आले तर दोघेही दुकानांच्या पाट्या वाचू लागत.

असो. बेताकडे येऊ.

गाडी ठरवायला लेक माहेरी आली होती, मोबाइलवरून गाडी करणं थंडोबाच्या बोटांना जमत नसे. आता बायकोला सांगणं भागच होतं. वळणाचं तेवढं त्याने पोटात ठेवलं.

"आधी तळं," तो टेबलावर बोटाने रस्ता काढत म्हणाला. "नावेत बसायचं. काठावर जेवायचं. मग उन्हं कलली की कडा."

"तळं आधी नको," बायको मटार सोलता सोलता म्हणाली. "दुपारी तिथे बसायला सावलीचा तुकडा नसतो. आधी कडा, तळं उतरताना."

"तुला गं काय माहीत?"

"शिंपीणबाई सांगतात की सारखं."

"बरं. आणि गोळी घेऊन ठेव. घाटाचा रस्ता आहे, तुझं नंतर ओकणं नको."

"डावीकडे बसलं की नाही होत मला तसं."

मटारचे दाणे वाडग्यात पडायचे थांबले. लेकीने हातातला मोबाइल उगाचच टेबलावर पालथा घातला.

थंडोबाला पहिल्यांदा काही कळलं नाही. पण फॉल्ट शोधण्यात हयात गेलेलं डोकं ते, एकदा सुरू झालं की बटणाने बंद होत नाही. हाताखालच्या पोरांना तो एक नियम घोकून घ्यायला लावायचा: एक मशीन बंद पडलं तर मशीन बघा, पण सगळी मशीनं एकदम गप्प झाली तर मशीनला हात लावू नका, आधी लाईन बघा. पोरांना शिकवला, सगळ्या शहराला लावला, आणि स्वतःच्या मुक्या दिवसाला लावायचा तेवढा राहून गेला.

तो उठून कोपऱ्यात गेला. जुना काळा फोन तिथे क्रोशाच्या झाकणाखाली होता. लाईन कधीच कापलेली, पण बायकोने टाकू दिला नव्हता. त्याने झाकण उचललं.

"रिसीव्हर काढून ठेवायचीस?"

बायकोने वाडगा बाजूला सारला. "उशीखाली. नुसता काढला तर पीं पीं करत राहायचा."

"दरवर्षी?"

"वर्षातून एकदा."

त्याने लेकीकडे पाहिलं. "आणि तू?"

"मी लहान होते, बाबा. तुम्ही विचारलंत तर मैत्रिणीकडे गेले होते म्हणायचं, असं ठरलं होतं." ती थांबली. "तुम्ही कधी विचारलंच नाही."

"मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर..." थंडोबाचा आवाज चढला.

"सांगितलं होतं," बायको म्हणाली. तिचा आवाज काही चढला नाही. "पहिल्याच वर्षी. म्हटलं, शिंपीणबाई बस काढतायत, एक दिवस जाऊन येते. तुम्ही काय म्हणालात? सीझनमध्ये बायकोने हवा खायची आणि नवऱ्याने गॅस? स्वतःच हसलात. मग शेडवर सगळ्यांना तो विनोद सांगितलात. हार्डवेअरवाल्याच्या बायकोने मला सांगितला, बसमध्ये."

"तीही होती?"

"अहो, सगळ्याच होत्या."

म्हणजे लग्नात, बारशात, जिन्यात तो ज्यांच्यापुढे मिशीला पीळ देत होता, त्यांच्यातल्या निम्म्या जणी त्या दिवशी कड्यावर पाय सोडून बसलेल्या होत्या. त्याने खुर्ची ओढली आणि बसला. मग एकदम त्याला आठवलं.

"आइस्क्रीमवाला."

या वेळी बायकोची मान खाली गेली. "त्याचं मला अजून लागतं. त्या संध्याकाळी सांगणारच होते. पण तुम्ही दारातूनच म्हणालात, तुझ्या शब्दाखातर आज मित्र तोडून आलो. मला तोंड उघडायला जागाच ठेवली नाहीत."

वरच्या मजल्यावरचा एसी घरघरत होता. पंख्याचं बेअरिंग, थंडोबाच्या मनात आपोआप येऊन गेलं.

"मला तुला दाखवायचं होतं," तो शेवटी म्हणाला. "ते वळण."

"मग दाखवा की. मी पहिल्यांदा बघतेय असं करेन." ती हे टोमणा म्हणून म्हणाली नाही, हेच वाईट. "जमेल मला. इतकी वर्षं मुक्या दिवसाचं कौतुक केलंच ना?"

गाडी रद्द कर, असं त्याने लेकीला सांगितलं आणि चपला घातल्या.

आइस्क्रीमचं दुकान होतं तिथेच होतं. आइस्क्रीमवाला म्हातारा झाला होता, पण चमचा फिरवायची ढब तीच. थंडोबा गिऱ्हाइकांच्या रांगेत उभा राहिला. दुसरी कुठली तऱ्हा त्याला सुचली नाही. पाळी आली.

"तू खरं बोलत होतास," तो पुढे वाकून हळूच म्हणाला. "फोन एंगेजच होता."

"मला माहीत आहे," आइस्क्रीमवाला म्हणाला. "लावत मीच होतो ना."

"मी तुला खोटारडा म्हणालो."

"म्हणालास. सगळ्यांदेखत." त्याने फडक्याने काउंटर पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला. "आणि आज सांगायला आलास ते कानात."

थंडोबाने काचेमागच्या फ्रीझरकडे पाहिलं. "कोण बघतं हल्ली?"

"आहे एकजण. तुझ्याएवढा हात नाही त्याचा. पण फोन लागतो." मग मागच्या रांगेकडे नजर टाकून, "काय देऊ?"

थंडोबाने व्हॅनिलाचा कप घेतला, पैसे दिले आणि पदपथावर उभं राहून शेवटच्या चमच्यापर्यंत खाल्ला. आत बोलावणं येईल म्हणून थांबला होता की काय, ते त्याचं त्याला ठाऊक. बोलावणं आलं नाही.

त्यानंतर शिंपीणबाईंच्या बसचा दिवस उगवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बायको राजरोस तयार झाली. कपाटाच्या तळातून तिने कॅनव्हासचे बूट काढले. एका घरात राहून थंडोबाने ते बूट कधी पाहिले नव्हते. टाचा झिजून तिरक्या झाल्या होत्या.

"येताय?" तिने नाडी बांधता बांधता विचारलं. "ड्रायव्हरशेजारची जागा आहे म्हणे रिकामी. बाई म्हणाल्या, विचारून बघा."

खरं तर एवढं म्हणून तिने दोन पावलं त्याच्याकडे टाकली होती. त्याने हो म्हणायचं तेवढं होतं. पण खाली बस भरत होती, बायकांचं हसणं जिन्यातून वर येत होतं, आणि त्या हसण्यात जाऊन बसायचं म्हणजे...

"सीझन आहे," थंडोबा म्हणाला. "कुणाचा फोन आला तर?"

बायकोने दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. बोलण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं.

"जेवण झाकून ठेवलंय," ती म्हणाली आणि जिना उतरली.

थंडोबा खुर्चीत बसला, मोबाइल मांडीवर. स्टिकरवरचा घरचा नंबर मेला तेव्हा त्याने हा नवा नंबर सगळ्या गिऱ्हाइकांना दिला होता. ऊन वर चढलं. समोरच्या इमारतीतली मशीनं पाणी गाळत होती. त्यातली बरीचशी त्याच्याच हातची. तो जेवला, ताट धुतलं, पुन्हा येऊन बसला. फोन वाजला नाही. दुपार टळली. आता त्या कड्यावरून उतरून तळ्याकाठी गेल्या असतील, असं त्याला वाटलं, कारण क्रम आता त्यालाही पाठ होता.

शेवटी धंद्याने शिकवलेलं तेच त्याने केलं. लेकीला फोन लावला.

"जरा मला उलट फोन कर."

"अहो बाबा, आपण बोलतोय की आत्ता! काय झालं?"

"जाणारा जातो म्हणून येणारा येतोच असं नाही. कर तू."

त्याने फोन ठेवला. क्षणभराने तो मांडीवर थरथरला आणि मोठ्याने वाजू लागला. थंडोबाने उचलला नाही. वाजून वाजून बंद होईपर्यंत ऐकत राहिला.

लाईनमध्ये काही बिघाड नव्हता.