रोज बदलणारा स्कॅन

नलिनी, माझी पत्नी, मंगळवारी सकाळी गेली. त्या दिवशी लवळ्याला, आमच्या हॉस्पिटलात, माझा वर्ग होता. तो विभागप्रमुख मॅडमनी घेतला.

मी मेडिकल फिजिसिस्ट. कॅन्सरच्या पेशंटला रेडिएशन किती आणि कुठून द्यायचं, याचं गणित आमच्याकडे असतं. तेव्हा, २००८च्या आसपास, आम्ही तरुण डॉक्टर आणि फिजिसिस्टना ॲडॅप्टिव्ह रेडिओथेरपीच्या संशोधनासाठी तयार करत होतो. नेहमीच्या पद्धतीत सुरुवातीला एक सीटी स्कॅन काढतात, त्यावर प्लॅन बनवतात आणि तोच प्लॅन काही आठवडे चालतो. शरीर मात्र रोज तसंच राहत नाही. गाठ लहान होते, वजन उतरतं, आतडी सरकतात. त्याप्रमाणे प्लॅनही बदलायचा, ही ॲडॅप्टिव्हची कल्पना.

ते शिकायला एकाच पेशंटचे रोजचे स्कॅन लागतात. असा पूर्ण संच आमच्याकडे एकच होता, नलिनीचा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर तिचे उपचार चालू असताना तिने तो वापरायला परवानगी दिली होती. सही करताना म्हणाली, "तुमच्या पोरांना मीच सापडले का?" मग पेनला टोपण लावत, "बघू देत. पण नीट बघायला सांगा."

मी कामावर परतलो तेव्हा मॅडमनी केबिनचं दार लावून घेतलं.

"सर, तो संच काढून टाकते. दुसरा पेशंट मिळेपर्यंत थांबू."

"मग यंदाची बॅच?"

"त्यांचं बघू. तुमचं काय?"

"एक वर्ग घेतो. मग सांगतो."

संचावर नाव नव्हतं, फक्त कोड होता. मुलांना काही माहीत नव्हतं. प्रत्येक स्कॅनवर मूत्राशय, आतडं, गर्भाशय यांच्या कडा माउसने आखायच्या होत्या. या उपचारात मूत्राशय भरलेलं हवं असतं. त्यामुळे आतडं वर सरकतं आणि रेडिएशनपासून लांब राहतं. म्हणून पेशंटला पाणी पिऊन यायला सांगतात.

समीर रेडिएशनचा डॉक्टर, तोंडाने फटकळ. तो म्हणाला, "सर, या मावशी आपल्या मनाने चालतात. काल ब्लॅडर फुल, आज रिकामं."

"तुला सांगितलं म्हणून तू कधी वेळेवर आलास?" शेजारून प्रणाली म्हणाली. ती लातूरची, फिजिसिस्ट.

"मी पेशंट नाही. सर, शेरा लिहू का, पेशंट सूचना पाळत नाही?"

"लिहू नकोस," मी म्हणालो. "त्या रोज पाणी पिऊनच घरून, नांदे गावाहून निघायच्या. रस्ता खोदलेला होता. खड्डा आला की कळ यायची. कधी हॉस्पिटलपर्यंत धरवायचं, कधी वाटेत गाडी थांबवावी लागायची."

"हे फाइलमध्ये कुठंय?"

"फाइलमध्ये नाही. गाडी मी चालवत होतो."

पेशंटची ओळख सांगायची नसते, हा नियम मीच त्यांना शिकवला होता. समीरने माउसवरचा हात काढला. "सर, सॉरी. मी..."

"हात काढू नकोस. ब्लॅडरची कड डावीकडे चुकली आहे."

त्याने ती पुसून पुन्हा आखली. मग प्रणालीने भरलेल्या आणि रिकाम्या दिवसाचे स्कॅन एकावर एक ठेवले. गर्भाशय चांगलंच सरकलेलं दिसत होतं, म्हणजे एकाच प्लॅनने रोज नेम लागला नसता.

"मग त्यांनाच कशाला बदलायचं?" ती म्हणाली. "भरलेलं, अर्धं, रिकामं, तिन्हींचे प्लॅन आधीच करून ठेवू. रोजचा स्कॅन बघून त्यातला एक लावू."

असा विचार इतरत्रही चालू होता. आमच्याकडे तो त्या टेबलावर सुरू झाला. संध्याकाळी मी मॅडमना सांगितलं, "संच राहू द्या."

तपासण्या आणि मंजुऱ्यांत बराच काळ गेला. या पद्धतीच्या पहिल्या पेशंट मुठा गावच्या एक आजी. एकदा मशीनपाशी येतायेताच त्या समीरला म्हणाल्या, "डाक्टर, आज ओरडू नगा. एसटी लई हादरती. धरवलं न्हाई."

"कोण ओरडतंय, आजी? स्कॅन बघतो आणि आज तुमचा रिकाम्याचा प्लॅन लावू."

"मंग मी रोज पानी फुकाटच ढोसत व्हते?"

"उद्या प्या की. उद्याचाही प्लॅन आहे."

आजींचे उपचार पूर्ण झाले. पुढे तपासणीला त्या स्वतःच्या पायांनी चालत येत राहिल्या.

पेशंट प्लॅनमध्ये बसत नसेल, तर आधी प्लॅन तपासावा. एवढंच मी त्यातून शिकलो. नलिनीला त्याचा उपयोग झाला नसता. तिचा आजार फुफ्फुसात गेला होता. पण मॅडमनी निर्णय माझ्यावर सोडला आणि मुलांनी तिचे स्कॅन नीट पाहिले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

आता मी निवृत्त आहे. नांद्याच्या घरात एकटा राहतो. लवळ्याला दरवर्षी नवी बॅच येते आणि नलिनीच्या स्कॅनवर कडा आखते.